आमच्या घरातलं सिंदेवाही

लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, आमचे शेजारी भाऊ व्हर्निअर लावत. कारखान्यात जाडी-रुंदी मोजायचं ते पोलादी माप. मिलिमीटरचेही तुकडे करून सांगणारं. भाऊ ऊर्जानगरला वीज केंद्राच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते, दिवसभर लेथवर लोखंड तासायचे, तेव्हा तिथे ते माप हवंच. पण घरी आल्यावरही ते खिशातून उतरत नसे. आमच्याकडे चहाला आले की बिस्किट त्या चिमटीत धरत आणि म्हणत, "मागच्या सालापासून अर्धा मिलिमीटर पातळ झालं जी हे." मग निमूटपणे खात. पंगतीतली जिलबी, बाजारातलं वांगं, वहिनींची पोळी, काहीच त्यातून सुटलं नाही. मुलगी पाहायला आले तेव्हा यांच्या खिशात हे नव्हतं हे आपलं नशीब, असं वहिनी म्हणत.

वर्कशॉपमध्ये त्यांना कोणी नावानं हाक मारत नसे. 'सव्वाएकोणीस' म्हणत. "सव्वाएकोणीस आले काय रे ड्यूटीवर?" असं गेटवर विचारलेलं मी स्वतः ऐकलं आहे. नव्या माणसाला तो हजेरीचा नंबर वाटे. कॉलनीतल्या आम्हा जुन्या लोकांना मात्र त्यामागची सगळी कथा पाठ होती.

भाऊंना आगगाडीचं वेड. खेळण्यातली गाडी नव्हे. खरी गाडी सत्त्याऐंशी पट लहान केली तर जशी दिसेल तशी, खिळ्याला खिळा जुळणारी. जगभर हौशी माणसं अशा गाड्या करतात आणि त्यांच्यासाठी तयार रूळही मिळतात, साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे. पण ते परदेशी रुळांच्या हिशेबानं. आपली ब्रॉडगेज त्याहून रुंद. सत्त्याऐंशीनं भागलं तर उत्तर येतं सव्वाएकोणीस. आपल्याकडचे बहुतेक हौशी लोक इंजिन आणि डबे देशी करतात आणि खाली रूळ साडेसोळाचेच घालून मोकळे होतात. भाऊंच्या फोनवर अशा मंडळींचा एक ग्रुप होता. तिथे कोणीतरी त्यांची समजूत घातली की पावणेतीन मिलिमीटरनं असं काय बिघडतं, कोणाला कळणार आहे? भाऊंनी उत्तर लिहिलं, "मले कळते ना." आणि दुसऱ्या दिवसापासून पितळी पट्ट्या आणून, रुळांखालचा एकेक आडवा स्लीपर कापून ते घरीच रूळ करायला बसले. पुढे सहा वर्षं बसले.

हा हट्ट बापाकडून आलेला. भाऊंचे वडील रेल्वेत चाबीवाले होते, केळझरच्या जंगलातल्या टप्प्यावर. रुळाला स्लीपरशी पकडून ठेवणाऱ्या चाब्या ढिल्या होतात, त्या ठोकत जाणारा तो चाबीवाला. रोज सकाळी हातोडा खांद्यावर, झेंड्या काखेत, मापाची दांडी हातात. दोन रुळांतलं अंतर, म्हणजे गेज, तपासायचं, चाबी ठोकायची, आणि वाटेत वाघ बसलेला असला तर तो उठेपर्यंत थांबायचं. भाऊ बापाचं एक वाक्य नेहमी सांगत. "बाबा म्हनत, साहेब पाह्याले येते म्हनून गेज नाई सांभाळाचं. गाडीत मानसं बसून राह्यते म्हनून सांभाळाचं." भाऊंच्या गाडीतली माणसं आगकाडीच्या गुलाएवढी होती. पण होती.

इंजिनही त्यांनी आपल्या मनासारखं निवडलं. पॅसेंजर गाड्यांना अलीकडच्या काळात लागू लागलेलं ते नवं, लांबलचक डिझेल इंजिन, दोन्ही टोकांना ड्रायव्हरची केबिन असलेलं. सुट्टीच्या दिवशी भाऊ चांदा फोर्टच्या फलाटावर जाऊन उभे राहत. गाडी आली की आधी जयभीम-नमस्कार करून ड्रायव्हरशी ओळख काढायची, मग हळूच खिशातलं माप काढून इंजिनाच्या शिडीची दांडी मोजायची. ड्रायव्हर लोकांनाही एव्हाना त्यांची सवय झाली होती. एकानं तर पायरीवर उभा राहून त्यांना आकडे वाचून दाखवले म्हणतात. घरी येऊन ते आकडे सत्त्याऐंशीनं भागायचे आणि कापायचं. मोटर जुन्या सीडी प्लेअरची, दातेरी चाकं बिघडलेल्या प्रिंटरची, गाडीची चाकं मागच्या व्हरांड्यातल्या छोट्या लेथवर स्वतः तासलेली.

या इंजिनाला सगळं होतं, फक्त आवाज नव्हता. तो भाऊ तोंडानं काढत. उभ्या इंजिनाची घरघर, निघतानाचा जोर, फाटकाजवळची लांब शिट्टी, सगळं घशातून. पुढे पुढे ते इतकं अंगवळणी पडलं की माणूस विचारात पडला की घरघर आपोआप सुरू होई. बाजारात भाजीवाल्याशी भाव करताना भाऊ एकदा असे उभे राहिले, तेव्हा त्यानं घाबरून दोन रुपये कमी केले. वहिनींना बहिणीचा फोन आला आणि पलीकडून कसला आवाज येतोय असं तिनं विचारलं की त्या म्हणत, "काई नाई, इंजिन उभं आहे."

आमच्या बाजूच्या लाइनीवर वीज आली, वरून तारा गेल्या, डिझेल इंजिनं दिसेनाशी होऊ लागली. तेव्हा मीच त्यांना म्हटलं होतं, भाऊ, आता तुम्हीही विजेचं इंजिन करा. शिवाय तुम्ही वीज केंद्रातले. भाऊ फार गंभीर झाले. म्हणाले, "विजेच्या इंजिनाले वरून कोनी तरी देत राहा लागते बाई. डिझेल आपलं पोट आपल्या सोबत घेऊन फिरते. मले तसं मानूस आवडते." एरवी मी शाळेत मराठी शिकवते, शब्दाला शब्द देण्यात मी कधी कोणाला हार जात नाही. पण त्या दिवशी मी चहा ठेवायला उठले.

आता सिंदेवाही आमच्या घरात कसं आलं ते सांगते. आमचे क्वार्टर जोडीचे, मधली भिंत एकच. भाऊंच्या पुढच्या खोलीत फळीवर चांदा फोर्ट स्टेशन उभं राहिलं. बोळकांडीतून, फ्रिजच्या डोक्यावरून केळझरचं जंगल गेलं. त्यात वाळलेल्या काटक्यांची सागाची झाडं आणि बोटाच्या पेराएवढा एक वाघ. तो वाघ मला कधीच सापडला नाही. विचारलं तर भाऊ म्हणत, वाघ आपल्याला दिसत नसतो, आपण त्याला दिसत असतो. इथवर ठीक चाललं होतं. पण गाडी हात न लावता परत फिरवायची तर शेवटी रुळांना मोठा गोल फेरा हवा, आणि एवढं लांब इंजिन लहान फेऱ्यात वळत नाही. भाऊंच्या घरात तेवढी जागाच उरली नव्हती. साडेसोळाचे रूळ आणि आखूड इंजिन घेतलं असतं तर भागलं असतं, पण ते भाऊ नव्हते.

एका संध्याकाळी ते वाटीभर पाटवडीचा रस्सा घेऊन आमच्या दारात आले. वाटी माझ्या हातात दिली, आणि ती मी टेबलावर ठेवेपर्यंत माप काढून मधली भिंत मोजली.

"बाई, तुमच्या मागच्या खोलीत जराशी जागा होईन काय?"

"कशाला?"

"सिंदेवाहीले."

मागच्या खोलीत आमचे हे झोपत. त्यांची कायम रात्रपाळी, त्यामुळे झोप दिवसा. भाऊंनी खाटेशी जाऊन त्यांना सगळी योजना सांगितली. यांनी झोपेत कूस बदलली आणि मान हलवली. तो होकारच होता असं मी आणि भाऊंनी एकमतानं ठरवलं. आठ दिवसांत भिंतीला वीतभर भोक पडलं आणि खोलीच्या चारी भिंतींच्या कडेनं छातीइतक्या उंचीवर फळी फिरली. आमचे हे पुढची चार वर्षं सिंदेवाहीच्या मधोमध झोपले. शिट्टी झाली तरी जागे होत नसत.

भोक पाडलं ते कंपनीच्या भिंतीला, विनापरवाना. क्वार्टर पाहायला कोणी साहेब आले की दोन्ही घरांत त्या भोकावर कॅलेंडर चढत असे. छातीच्या उंचीवर कॅलेंडर लावणारी दोन घरं शेजारी-शेजारी कशी, असा प्रश्न कुठल्याही साहेबाला पडला नाही. कॉलनीतल्या लोकांना पडला, पण त्यांनी आमची उंची बघून आपली समजूत करून घेतली.

सिंदेवाही घरात आलं तसे त्याचे कायदेही आले. मागच्या दाराच्या आडवी येणारी फळी उचलता येई, ते फाटक. गाडी यायची असली की ते बंद राही आणि मी धुणं कडेवर घेऊन माझ्याच घरात फाटकाशी उभी. एकदा माझ्या सासूबाई आठ दिवस राहायला आल्या, तेव्हा मी भाऊंना सांगितलं की जरा बेतानं. संध्याकाळी भोकातून एक चिठ्ठी सरकली. वर 'कॉशन ऑर्डर' असं ठळक लिहिलेलं आणि खाली, 'सिंदेवाहीत पाहुणे. वेग कमी. शिट्टी मनाई.' सासूबाईंनी ती चिठ्ठी गावी नेली आणि कितीतरी जणांना दाखवली.

शिवाय रोजची तपासणी. बापासारखीच, पहाटे. भाऊंची पहिली पाळी सहाची. त्याआधी सव्वापाचला ते चांदा फोर्टहून निघत आणि फळीच्या कडेकडेनं केळझर ओलांडून आमच्या दारात येत. मी पाणी भरायला उठलेलीच असे. बोटाएवढी हातोडी, खिशात माप. दर वीतभर रूळ मोजायचे, कुठे काही सैल वाटलं तर टिचकी मारायची. माझ्याशी एक शब्द नाही, कारण तेव्हा ते ड्यूटीवर असत. फेरा संपला की दारात थांबून म्हणत, "सेक्शन बरोबर आहे बाई," आणि जात. मी सुरुवातीला वैतागायचे. नंतर त्यांना ताप आला आणि ते दोन दिवस आले नाहीत, तर मीच पाण्याचा हंडा बाजूला ठेवून रुळांवरून नजर फिरवून आले. माणूस असा बिघडतो.

वहिनींचं माहेर खरोखरचं सिंदेवाही. या सगळ्या प्रकाराकडे त्या कधी ढुंकून पाहत नसत. भोकातून त्यांचा आवाज मात्र येई. "बाकीच्या बायांचं मायेर गावाले राह्यते. माह्यं मायेर शेजारनीच्या घरी गेलं." दुसरी तक्रार अशी, की घरात अख्खी रेल्वे असून माहेरी जाताना मला यष्टीनंच जावं लागतं. पण डब्यांच्या खिडक्यांत बसवलेल्या त्या गुलाएवढ्या बायकांच्या लुगड्यांना रंग कोणी दिला होता, हे मला ठाऊक होतं. शिवणकाम करणाऱ्या वहिनींशिवाय एवढे बारीक काठ-पदर कोणालाच जमले नसते. मी ते कधी बोलून दाखवलं नाही.

भाऊंनी मला हुद्दाही दिला होता, सिंदेवाहीच्या स्टेशनमास्तरचा. गोल फेरा मारून गाडी त्याच रुळावर परत आली की रुळांतली वीज उलटसुलट होते म्हणे. म्हणून गाडी फेऱ्यात शिरून सिग्नलला आपोआप थांबे, आणि आमच्या भिंतीवरचं एक बटण दाबलं की मगच परत निघे. ते बटण माझ्याकडे. भाऊंनी नियम समजावून सांगितला. "सिग्नलले थांबनं म्हंजे गाडीची इज्जत आहे बाई. हातानं उचलून ठेवनं म्हंजे बेइज्जती. चांदा फोर्टवरून निघाली, सिंदेवाहीवरून परतली, अन् कोनाचा हात लागला नाई, तं ती एक फेरी. नाई तं मंग काईच नाई."

अशी एक फेरी, पुरी आठ डब्यांची, भाऊंच्या आयुष्यात व्हायची होती. सहा वर्षं त्यासाठीच गेलेली. तोवर फेरा अपुरा होता, इंजिन सिंदेवाहीपर्यंत येई आणि उलटं मागे जाई. या हिवाळ्यात रूळ पुरे झाले. आमच्या खाटेमागचं शेवटचं वळण त्यांनी डिसेंबरात, अंगात स्वेटर घालून बसवलं. पितळी पट्ट्यांचा जोड ना जोड सोल्डर करून असा घासला की बोट फिरवलं तरी कळू नये. जानेवारीत एकटं इंजिन पुरा फेरा मारून आलं. मग डबे. शेवटचा डबा तयार झाला तोवर मे महिना उजाडला, आणि एकतीस मेला भाऊ निवृत्त होणार होते. क्वार्टर सोडायचा. मूल गावात दोन खोल्यांचं घर बांधलं होतं, चांगलं घर होतं, पण त्यात हा पसारा मावणं शक्य नव्हतं. म्हणजे फेरी व्हायची तर या महिन्यात, नाही तर नाहीच.

मेच्या पहिल्या रविवारी गाडी निघाली. चांदा फोर्ट सोडलं, केळझर ओलांडलं, भिंतीतून अलगद आमच्या घरात आली. मी बटणाशी उभी. खाटेच्या मागच्या वळणावर इंजिन डुलल्यासारखं झालं आणि रुळावरून खाली उतरलं. हात लागला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. भाऊ दोन वाजता पाळी संपवून येत, जेवत आणि तीनला गाडी सोडत. साडेतीनला इंजिन हातात घेऊन खाली बसलेले दिसत. त्यांनी बाराच्या बारा चाकं काढून मोजली. बरोबर. घसरायच्या जागी रूळ मोजले. सव्वाएकोणीस, केसाचाही फरक नाही. पहाटेच्या तपासणीतही सेक्शन बरोबर. "गेज बरोबर आहे, चाक बरोबर आहे, मंग माह्यंच काई तरी चुकून राह्यलं," असं म्हणाले आणि गेले.

महिना सरत आला तशी त्यांची घरघर थांबली. ती इतकी वर्षं ऐकून मी वैतागलेली, पण थांबल्यावर मला करमेना. भाऊ चहाला आले, बिस्किट उचललं आणि न मोजताच खाल्लं. आमचे हे सुद्धा खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, तो साडेसोळाचा रूळ आणून घातला तर? मी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं.

निवृत्तीला चार दिवस राहिले होते. बाहेर चंद्रपूरचं ऊन, ज्याला कोणी उगाच नावं ठेवत नाही. वहिनी कुरडया वाळत घालायला आमच्या मागच्या अंगणात आल्या होत्या. आमच्याकडे ऊन जास्त वेळ राहतं. घामाघूम होऊन पाणी प्यायला आत आल्या आणि पहिल्यांदाच त्या खोलीत उभ्या राहून त्यांनी आपलं माहेर नीट पाहिलं. भाऊ वळणाशी मान खाली घालून बसले होते. वहिनी पाणी पीत पीत म्हणाल्या, "मामंजी उनाळ्यात दुपारचे जेवाले घरी नोते येत. मी नवी नवरी, ताट वाढून वाट पाहो. तं ते म्हनत, पोरी, भरदुपारी रूळ फुगते, मले लाइनीवर राहा लागते." मग फळीकडे बोट करून, "तुमचे रूळ फुगत नाई काय?"

भाऊ उठले, वळणाशी डोळा नेला आणि रुळांच्या रेषेत पाहिलं. मग मला बोलावलं. मीही पाहिलं. खाटेच्या मागे दोन्ही रूळ मिळून, हातात हात घालून, बाजूला सरकले होते. अंतर दोघांत तेवढंच, म्हणून माप बरोबर दाखवत होतं. वाकडी झाली होती ती अख्खी लाइन. डिसेंबरच्या थंडीत घट्ट जोडलेल्या पितळेला मेच्या दुपारी लांबायला जागाच नव्हती, भाऊंनी एकही फट ठेवली नव्हती. पहाटे सगळं पुन्हा आपल्या जागी येई आणि तपासणी बिनचूक होई. खरे रूळ जोडताना मधे फट सोडतात, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. आणि हा तर चाबीवाल्याचा मुलगा.

भाऊ मटकन खाटेवर बसले, आमच्या यांच्या पायावरच. मला वाटलं माणूस रडतो की काय. पण ते हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "बाबानं पाह्यलं असतं तं ड्यूटीवरून काढलं असतं मले," म्हणाले. मग वहिनींकडे पाहून, अगदी हळू आवाजात, "तुले इतके दिवस काऊन नाई बोलावलं मी इथी?" वहिनी म्हणाल्या, "मायेरी कोनी बोलावत नसते. आपलं आपन याव लागते." आणि कुरडयांकडे गेल्या.

दोन दिवस भाऊ केसासारखी बारीक करवत घेऊन सोल्डर केलेले ते सुंदर जोड कापत होते. फट किती ठेवायची तर पोस्टकार्डाच्या जाडीची, आणि पोस्टकार्ड अर्थात मापात धरून. घरघर पुन्हा सुरू झाली. निवृत्तीचा समारंभ झाला, शाल-श्रीफळ मिळालं, हार गळ्यात असतानाच भाऊंनी श्रीफळ मोजलं आणि सगळं वर्कशॉप हसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सामानाचा ट्रक यायचा होता. सिंदेवाहीच्या फळ्या उतरवायच्या, भिंत बुजवायची. भोकाखाली चार विटा आणि सिमेंटची पिशवी तयार होती.

फेरी त्याच दिवशी ठेवली होती, समारंभाहून घरी आल्यावर, दुपारी तीनला. मी म्हटलं, भाऊ, उद्या पहाटे गार असतं तेव्हा सोडा, धोका कशाला? ते म्हणाले, "पहाटे तं कोनाचीही गाडी धावते." वहिनी चांदा फोर्टच्या फलाटाशी खुर्ची घेऊन बसल्या. आमचे हे आयुष्यात पहिल्यांदा जागे राहून सिंदेवाहीच्या मध्यभागी बसले. मी बटणाशी.

भिंतीपलीकडून भाऊंचा आवाज आला, "लाइन क्लिअर?"

"लाइन क्लिअर," मी म्हणाले.

घरघर ऐकू आली, मग शिट्टी, मग रुळांची ती बारीक खरखर. फ्रिजवरून, जंगलातून, आणि भोकात उजेड कमी झाला म्हणजे इंजिन भिंतीत आलं. निळं नाक बाहेर पडलं. मागून एकेक डबा, खिडक्यांत रंगीत लुगड्यांच्या बाया. फाटकावरून गेली. खाटेच्या मागे गेली. इंजिन वळलं. डबे वळले. पोस्टकार्डाच्या फटींवरून चाकं टिकटिक करत गेली आणि आठच्या आठ डबे घेऊन गाडी पूर्ण फेरा मारून सिग्नलशी येऊन उभी राहिली. कोणाचाही हात लागला नव्हता. आता बटण दाबायचं, की निम्मी राहिलेली फेरी पुरी.

मी बटणावर बोट ठेवलं आणि मला ते दाबवेना. ही गाडी पलीकडे पोचली की संपलं. मग फळ्या उतरतील, विटा लागतील. उद्या सव्वापाचला पाणी भरताना दारात कोणी येणार नाही. चार वर्षं ज्या फाटकाला मी शिव्या घातल्या ते नसलं की मी माझ्या घरात सरळ, न थांबता चालत जाईन, आणि ते मला मुळीच नको होतं. आमचे हे माझ्याकडे पाहत होते. त्यांनी 'दाब ना' म्हटलं नाही.

पलीकडून भाऊंची हाक आली. "बाई, गाडी काऊन थांबली?"

मी म्हणाले, "क्रॉसिंग आहे. समोरून गाडी येतेय."

या लाइनीवर तेवढा फेरा सोडला तर दुसरा रूळ नव्हता, दुसरी गाडीच नव्हती. हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मग उभ्या इंजिनाची घरघर ऐकू आली, अगदी सावकाश, आणि तिच्यामधूनच भाऊ म्हणाले, "थांबू द्या मंग. क्रॉसिंगले टाइम लागते."

मी त्या भिंतीला टेकून उभी राहिले. मन भरेपर्यंत गाडी पाहिली, एकेका खिडकीतली एकेक बाई पाहिली. पलीकडे भाऊ घरघर करत थांबले होते. त्यांनी घाई केली नाही.

मग मी बटण दाबलं आणि म्हणाले, "लाइन क्लिअर."